कारण न देता

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बेलीफबप्पा आत्ता जिथं कुठं असतील तिथून मला नोटीस धाडतील, की सहभागी व्यक्तींची ओळख गुप्त ठेवण्याचं पान तीनवर लेखी कबूल केलेलं असताना तुम्ही हे कृत्य का केलं, याचा खुलासा करावा. तेव्हा ढोकीच्या साखर कारखान्यापासून आत उसातनं एक रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर ते गाव आहे, एवढं पुरे.

मी तिथं एका विद्यापीठाच्या संशोधनासाठी गेले होते. गुडघेदुखीवर एक नवी गोळी आली होती आणि तिचा खरंच उपयोग होतो का, ते बघायचं होतं. निम्म्या लोकांना ती गोळी द्यायची, निम्म्यांना तश्शीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी द्यायची. कुणाला कुठली, हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. सहा महिन्यांनी यादी उघडायची आणि दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवून बघायचे. हे सगळं डॉक्टर पाठकसर ठरवणार, आणि मी समन्वयक. समन्वयक म्हणजे गावात जायचं, लोकांची बोलणी खायची आणि फॉर्म भरून आणायचे.

त्या फॉर्मांच्या नियमात एक ओळ होती. ज्याला वाचता येत नाही त्याची संमती घेताना एक निष्पक्ष साक्षीदार हजर पाहिजे. तो प्रकल्पाचा माणूस नको, संमती देणाऱ्याच्या नात्यातला नको, आणि त्याला स्वतःला वाचता आलं पाहिजे. ऑफिसात पंख्याखाली बसून वाचली तेव्हा मला ही ओळ अगदी बिनत्रासाची वाटली होती. गावात उतरून चहाच्या हॉटेलात मी विचारलं, "इथं निष्पक्ष माणूस कोण आहे?" तर लोक असे हसले की हॉटेलवाल्याच्या हातातली किटली हिंदकळली.

"सरपंच चालतील का?" मी विचारलं.

"चालत्यात की. आमच्या आत्याचे जावई हायेत."

"मग शाळेचे गुरुजी?"

"गुरुजी भाड्यानं ऱ्हात्यात उपसरपंचाच्या घरात. आन् उपसरपंच म्हंजी आमचा साडू."

अर्धा तास असाच गेला. ज्याचं नाव घ्यावं तो कुणाचा तरी चुलता, नाहीतर कुणाचा तरी व्याही निघत होता. शेवटी हॉटेलवाला किटली खाली ठेवून म्हणाला, "बेलीफबप्पा!" आणि मगाचपासून एकमेकांवर गुरकावणारी सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "हां! बप्पा निष्पक्ष."

"ते कसे काय?"

"सगळ्यांशी सारखेच वाकडे हायेत."

आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणतात. यांचं नाव निवृत्ती. धाराशिवच्या कोर्टात तीस वर्षं बेलीफ म्हणून काढलेली, म्हणजे कोर्टाची समन्सं आणि नोटिसा लोकांच्या दारात नेऊन बजावायचं काम. आणि हे काम त्यांनी कुणाची भीड न ठेवता केलं होतं. चुलतभावाला बजावलं, सोयऱ्याला बजावलं. सख्ख्या मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडल्यावर, मेहुण्याच्या हातात नोटीस ठेवून सही घेतली आणि 'पक्षकाराचं अन्न घ्यायचं न्हाई' म्हणून मांडवातनं उपाशी घरी आले. गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्याच्या दाराला बप्पांनी कधी ना कधी कागद चिकटवला नव्हता.

मी घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून जुन्या कागदांना सुई-दोऱ्यानं शिवत होते. काटक अंग, पांढरी टोपी, दोरा बांधलेला चष्मा, खांद्याला खाकी पिशवी. घरात असतानाही पिशवी खांद्याला. मी येण्याचं कारण सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साक्षीदार कुणाच्या बाजूचा?"

"कुणाच्याच नाही, बप्पा. तेच तर पाहिजे."

"तीस वर्सं कुणीतरी असा माणूस मागंल म्हणून वाट बघत हुतो," ते म्हणाले आणि फॉर्म ठेवून घेतला.

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, चहा आणला. दोन्ही गुडघ्यांवर हात रेटत, भिंतीचा आधार घेत त्या ओसरीपर्यंत आल्या. मी कपाला हात लावणार तोच बप्पांनी हात आडवा केला. "साक्षीदारानं पक्षकाराचा चहा प्यायचा न्हाई, आन् पक्षकारानं साक्षीदाराचा. परत ने."

काकूंनी कप परत नेला. मी निघाले तेव्हा त्यांनी मला मागच्या दारी खुणावलं आणि तोच चहा पाजला. "तुमी काय मनावर घेऊ नका," म्हणाल्या. "घरातबी कोर्टच हाय."

खरंच होतं. पुढच्या सहा-आठ महिन्यांत मी त्या घरी किती वेळा गेले असेन, पण काकू उंबऱ्याबाहेर पडल्या आणि बप्पांनी विचारलं नाही असं कधी झालं नाही. "कुठं निघालीस?" "शेजारी." "का म्हणून?" "विरजण आणाया." "आपलं का संपलं?" यात राग नव्हता बरं का. माणूस समोर आला की त्याचं बयान घ्यायचं, एवढीच त्यांची सवय. काकू उत्तरं देत, आणि पाठ वळली की माझ्याकडं बघून डोळे मोठे करत.

काकूंच्या गुडघ्यांनी मात्र हट्ट धरला होता. खाली बसून भाकरी थापणं बंद झालं होतं. त्यांची धाकटी बहीण मुरुमला दिलेली. एसटीची पायरी चढता येत नाही म्हणून दोन वर्षांत बहिणीची भेट नाही. हे बप्पांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि लगेच पुढं म्हणाले, "पण तिचं नाव तुमच्या यादीत धरू नका. मी साक्षीदार हाय. माझ्या घरचं माणूस आत आलं की मी संपलो." बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, आतल्या दाराकडं बघत होते. बायकोला गोळी मिळावी अशी त्यांची फार इच्छा होती. ती इच्छा त्यांनी खाकी पिशवीत घालून वरून गाठ मारली होती.

फॉर्म ठेवून घेतल्यावर दोनच दिवसांनी बप्पा एकोणीस शंका लिहून घेऊन आले. पाठकसर त्या दिवशी मुद्दाम गावात आले होते. सर मोठे विद्वान, परदेशात भाषणं देऊन आलेले. बप्पांनी त्यांना समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"गोळीनं इजा झाली तर इलाज कोण करणार?"

"विद्यापीठ करणार."

"कुठं लिवलंय?"

"पान चारवर."

"पान चारवर 'योग्य ती मदत' लिवलंय. योग्य कुणी ठरवायची?"

सरांनी रुमाल काढला. पुढं सगळे एकोणीस प्रश्न झाले. वरच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे असं सर म्हणाले तेव्हा बप्पांना जरा बरं वाटलं. "म्हंजी अपिलाचं कोर्ट हाय तर," ते म्हणाले आणि त्यांनी शंकांच्या यादीवर बरोबरची खूण केली. सर जाताना मला गाडीपाशी हळूच म्हणाले, "माझी पीएचडीची तोंडी परीक्षा याच्यापेक्षा सोपी होती."

पण बप्पांचं मन बसलं होतं ते शेवटच्या पानावरच्या एका वाक्यावर. 'मी कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, नकार देऊ शकतो किंवा या अभ्यासातून बाहेर पडू शकतो.' हे वाक्य त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

"मॅडम, हे खरं हाय?"

"खरं आहे."

"कारण न देता? आन् तुम्ही इचारणार न्हाई? तोंड वाकडं करणार न्हाई? दवाखान्यात गेल्यावर त्याला मागं बसवणार न्हाई?"

"नाही."

बप्पांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तीस वर्सं मी लोकांच्या दारात कागद नेला. न्हाई म्हणायची सोय न्हवती. घेतला तरी बजावला, न्हाई घेतला तरी दाराला चिकटवून बजावला. न्हाई म्हणता येतंय असा कागद माझ्या हातात पहिल्यांदाच आला." मी इतकी वर्षं ते वाक्य छापील मजकूर म्हणून भराभर वाचून टाकत आले होते, आणि खरं सांगते, मला त्या दिवशी लाज वाटली.

आता एवढा चांगला साक्षीदार मिळाल्यावर माझी कामं पटापट व्हायला पाहिजेत की नाही? उलट झालं. बप्पा खाकी पिशवी लावून कागद घेऊन गल्लीत शिरले की पटापटा कड्या लागायला लागल्या. माणसं मागच्या दारानं उसात! मी कपाळाला हात लावला. शेवटी बप्पांनी पिशवी घरी ठेवायचं कबूल केलं. पण हाक मारायची पद्धत काही सोडली नाही. आमच्या मराठवाड्याच्या जुन्या दप्तरात नवऱ्याचं नाव लावताना 'भ्रतार' लिहितात, तसं ते दारात उभं राहून पुकारायचे, "गोदावरी भ्रतार किसन, हजर हो!"

या गोदावरी आजी आमच्या पहिल्या सहभागी. समाजमंदिरात आल्या त्याच अंगठा पुढं करून. बायकांच्या वेळी नवऱ्यांनी बाहेर थांबायचं, हा नियम बप्पांनी स्वतःच्या डोक्यानं घातला होता. 'नवऱ्यासमोर घेतलेली संमती ही संमती न्हाई,' म्हणत त्यांनी किसनआजोबांना बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं. मी सगळा फॉर्म वाचला. "समजलं का, आजी?" "व्हय." अंगठा शाईच्या डबीवर. बप्पांनी तो अंगठा वरच्या वर धरला.

"काय समजलं ते सांग."

"सरकार गोळ्या देणार, गुडघे जाणार."

"गुडघे न्हाई जाणार. दुखणं जातंय का न्हाई, ते बघणार. आन् सरकार न्हाई, इद्यापीठ. आन् निम्म्या लोकांना कोरी गोळी मिळणार."

'कोरी गोळी' हा बप्पांचा शब्द. आमच्या फॉर्मात 'निष्क्रिय गोळी' असं छापलं होतं, ते ऐकून लोकांना वाटायचं गोळी आळशी आहे. कोरा कागद, कोरा चहा, तशी कोरी गोळी. पाठकसरांनी पुढच्या सगळ्या गावांच्या फॉर्मात हाच शब्द घातला.

"मंग मला कोरी न्हाय पायजे," आजी म्हणाल्या.

"ते तुझ्या हातात न्हाई. ह्या मॅडमच्याबी न्हाई. डॉक्टरलाबी ठावं न्हाई."

"डॉक्टरला ठावं न्हाय? मंग कसला गं बाई डॉक्टर!"

"ठावं असलं तर आपल्या माणसाला भरलेली देईल आन् वाकड्या माणसाला कोरी. म्हणून सोडत काढायची. सरपंचाच्या आरक्षणाची निघती तशी."

"त्यात तर समदी लबाडी असती!"

"ही सोडत कॉम्प्युटर काढतोय," बप्पा म्हणाले. "त्याची ह्या गावात भावकी न्हाई."

हे मात्र आजींना एकदम पटलं. मग बप्पांनी त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं, तेही असं, की समोर तुझी बहिरी सासू बसली आहे आणि तिला सांगायचंय. आजींनी ओरडून ओरडून सांगितलं. बाहेर लिंबाखाली बसलेल्या रांगेला ते सगळं फुकटात समजलं, आणि त्यानंतर माझं काम खरोखर सोपं झालं.

चौथ्या महिन्यात एक भानगड झाली. एका घरातल्या दोघी जावा आमच्या यादीत होत्या. मोठीला फरक पडला, धाकटीला काही पडेना. सासूनं निवाडा केला की माझ्या घरात दोन सुनांत दुजाभाव चालायचा नाही. दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या, हलवल्या, आणि रोज सकाळी दोघींना त्यातलीच एकेक. कुणी कुठली गिळली ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मला खबर मिळाली ती बप्पांकडून, आणि तीसुद्धा पंचनाम्याच्या रूपात. 'समक्ष पाहता डबा पितळी, झाकण सैल, स्वयंपाकघरातील फळीवर हळदीच्या डब्याशेजारी आढळला. आत पांढऱ्या गोळ्या एकूण त्रेपन्न, एका गोळीस हळद लागलेली.' खाली सासूचा अंगठा.

"बप्पा, हे वर कळवलं तर आपली दोन नावं वाया जातील हो," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आन् न्हाई कळवलं तर खोटी साक्ष हुईल."

कळवलं. दोघींची नावं 'गोळ्या मिसळल्या' अशा शेऱ्यासह बाजूला पडली, आणि वरून परवानगी आली की त्यांच्या जागी दोन नवी नावं घ्या, महिनाअखेरपर्यंत. एक नाव लगेच मिळालं. दुसरी जागा रिकामी होती. बप्पा त्या दिवशी सकाळपासून माझ्या टेबलाभोवती घुटमळत होते.

"मॅडम, एक कायद्याचा मुद्दा हाय. साक्षीदाराच्या घरचं माणूस घ्यायचं असलं, आन् त्या एका माणसापुरता साक्षीदार बदलला, तर?"

"तर चालतं, बप्पा. मी सरांना विचारून ठेवलंय." विचारून ठेवलं होतंच. मला काय डोळे नाहीत?

बप्पांचा चेहरा उजळला. "गुण येतोय की त्या गोळीनं. ती एसटीत चढंल. मुरुमला जाईल."

"बप्पा! गुण येईल असं कुणी सांगितलं? निम्म्या गोळ्या कोऱ्या आहेत. गावभर तुम्हीच सांगत फिरताय."

ते ओशाळले. "बघा. म्हणूनच घरच्या माणसाला साक्षीदार करत न्हाईत," असं म्हणून खाली बघायला लागले.

पण दुसरा साक्षीदार आणायचा कुठून? वाचता येणारा, काकूंच्या नात्यात नसलेला असा गावात एकच माणूस होता. हमीदभाई, रिटायर पोस्टमन. इतके दिवस मुरुमला लेकीकडं होते, नुकतेच परत आले होते. आणि त्यांच्याशी बप्पांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की बप्पांच्या नावचं एक रजिस्टर पत्र आलं तेव्हा बप्पा आंघोळीला बसले होते. हमीदभाईंनी तीन हाका मारल्या आणि पाकिटावर 'घेणारा घरी नाही' असा शेरा मारून पत्र परत पाठवलं. बप्पांनी थेट वरच्या ऑफिसात तक्रार केली की मी घरी होतो, ही खोटी साक्ष आहे. हमीदभाईंनी खुलासा दिला की आतून बादलीचा आवाज आला, माणसाचा नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांना बघून गल्ली बदलायचे.

"तुम्हीच बोलवा त्याला," बप्पा म्हणाले.

"मी आणला तर प्रकल्पाच्या माणसानं पढवून आणला असं होईल ना, बप्पा?" एवढी संधी मी थोडीच सोडणार!

बप्पा गेले. मी पण मागोमाग गेले, असला तमाशा पुन्हा कधी बघायला मिळणार? हमीदभाईंच्या दारात उभं राहून त्यांनी कडी तीनदा वाजवली आणि पुकारलं, "शेख हमीद पिता शेख इमाम, हजर हो!"

मग आतून मोठ्यानं आवाज आला, "घेणारा घरी नाही!"

बप्पांची मान ताठ झाली. मला वाटलं, आता फिरतात मागं. "आवाज तर आला," ते म्हणाले.

"बादलीचा असंल!"

बप्पांनी टोपी काढली, परत घातली. "हमीद," ते साध्या आवाजात म्हणाले, "घरच्यांचे गुडघे लई दुखायलेत रे."

लगेच दार उघडलं. हमीदभाईंनी पायात चपला घातलेल्याच होत्या. "भाभीचे गुडघे दुखतेत आन् अकरा सालात मला एक कार्ड टाकता आलं न्हाई तुला?" ते म्हणाले आणि बप्पांच्या पुढं चालायला लागले.

ओसरीवर बैठक बसली. बप्पांनी स्वतःचा नियम स्वतःला लावला आणि समोरच्याच समाजमंदिराच्या लिंबाखाली, आजवर गावातले सगळे नवरे जिथं बसवले होते, त्याच दगडावर जाऊन बसले. मी वाचलं. हमीदभाईंनी एकेक गोष्ट काकूंकडून वदवून घेतली. कोरी गोळी, सोडत, इजा झाली तर काय, सगळं काकूंनी न चुकता सांगितलं. रोज घरात तेच ऐकत होत्या की त्या. शेवटचं वाक्य वाचलं, तेव्हा म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा." वाचलं. "कारण सांगायचं न्हाय?" "नाही, काकू." "कुणालाच?" "कुणालाच नाही."

मी शाईची डबी पुढं सरकवली. काकूंनी हात पदराखाली घेतला.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला नको गोळी. न्हाय म्हणते म्या."

माझ्या तोंडून "अहो पण का—" निघालंच होतं. हमीदभाई एवढ्या जोरात खोकले की मी जीभ चावली. फॉर्मवर 'नकार' लिहिलं, हमीदभाईंनी साक्ष घातली आणि आम्ही बाहेर आलो. बप्पा दगडावरून उठले होते.

"बप्पा, काकू नाही म्हणाल्या."

त्यांना आधी ऐकूच गेलं नाही असं वाटलं. मग तोंड उघडलं. "का—" एवढंच बाहेर आलं. मी बघत होते, हमीदभाई बघत होते, आणि ओसरीवरून काकू बघत होत्या.

"का… कागद नीट ठेवा," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने मी बप्पांची जी अवस्था पाहिली ती बघून हसावं का रडावं कळत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर विरजणाचंही कारण विचारलं, त्याला घरात एक प्रश्न विचारता येत नव्हता. ते आडून आडून घसा साफ करायचे, काकू शेंगा सोलत बसायच्या. एकदा मला म्हणाले, "मॅडम, कारण इचारता येत न्हाई हे कबूल. पण कारण हाय का न्हाई, एवढं इचारता येतं का?" मी म्हटलं, नाही. "बरोबर हाय," असं म्हणून ते उठून गेले. हमीदभाई मात्र आता रोज संध्याकाळी ओसरीवर यायला लागले होते, आणि बप्पांचा प्रश्न गिळण्याचा कार्यक्रम मिटक्या मारत बघत बसायचे.

अभ्यास संपला. आमच्या धंद्यात फॉर्म गोळा झाले की गावाकडं परत कुणी फिरकत नाही, हे मी लाजेनं कबूल करते. बप्पांनी मला जाऊ देताना बजावलं, "साक्ष घेतली तर निकाल ऐकवाया यावं लागंल. तारीख द्या." वर्षभरानं निकाल आला तेव्हा मी पाठकसरांच्या मागं लागून तो कागद घेऊन गेले. समाजमंदिर भरलं होतं. बप्पांनीच वाचला. नवी गोळी आणि कोरी गोळी, दोन्ही गटांत फरक म्हणावा असा काही नव्हता.

"म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"दावा खारीज," बप्पा म्हणाले. "गोळीनं आपलं म्हणणं शाबीत केलं न्हाई."

"मला तर गुण आला हुता!" गोदावरी आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांची निघाली होती कोरी. सगळं समाजमंदिर हसलं. बप्पांनी हात वर केला. "हसू नका. आता उद्या कुणी ही गोळी घेऊन दारात आला, तर त्याला ह्या गावाचा निकाल दाखवायचा. हे तुमच्या गुडघ्यांनी केलंय." बायका पुरुषांकडं बघायला लागल्या, आपण काहीतरी केलं खरं, अशा चेहऱ्यानं.

मी काकूंना भेटायला मागच्या दारी गेले. चहा झाला. मी म्हटलं, "काकू, तुमचं काही चुकलं नाही बघा. गोळीत काही नव्हतंच. तुम्हाला आधीच कळलं होतं की काय?"

काकूंनी ओसरीकडं एकदा बघून घेतलं. "मला गोळीचं काय कळतंय, पोरी? चाळीस वर्सं झाली. कुठं चाललीस, का चाललीस, का बोललीस, का गप ऱ्हायलीस. एक दिस न्हाय गेला बिनसवालाचा. त्या दिशी कागदात ऐकलं, कारण न देता न्हाय म्हणता येतंय. गावाला तर लई सांगत हुते. म्हणलं बघावं, घरात चालतोय का ह्यो कागद."

"मग? विचारलं नाही त्यांनी?"

"अजून न्हाय!" त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तोंडापत्तुर येतंय, पण न्हाय इचारत. गुडघं काय, दुखायलेतच. पण हे लई बरं वाटलं बग मला. तू सांगू नको हं."

बप्पा मला स्टँडवर सोडायला आले. हॉटेलात त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतःही प्याले. "आता तुम्ही पक्षकार न्हाई," म्हणाले. एसटी आली. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"मॅडम. मागच्या दारी लई येळ बोलत हुता. तिनं तुमाला सांगितलं का, तिनं का—"

मी वळून बघितलं. म्हातारा माणूस, तोंड अर्धं उघडं, चष्म्याचा दोरा वाऱ्यानं हलतोय. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. कंडक्टरनं घंटी मारली.

"का काय, बप्पा?"

"का… काळजी घ्या," बप्पा म्हणाले आणि दोन पावलं मागं सरकले. गाडी वळेपर्यंत ते तिथंच उभे दिसत होते.

त्याच्या पुढच्या थंडीत बप्पा गेले. मी काकूंना फोन केला, बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मीच धीर करून विचारलं, "काकू, शेवटपर्यंत नाहीच विचारलं का त्यांनी?"

"न्हाय गं," काकू म्हणाल्या, आणि एवढा वेळ सावरलेला त्यांचा आवाज फुटला. "इचारलं असतं तर सांगितलं असतं की गं म्या."